अनुमोदक

तीस एप्रिलला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुषमाने हात वर केला.

महिला ग्रामसभा चालू होती. कासुर्डीच्या पलीकडच्या या गावात गुऱ्हाळाच्या चुलाणात प्लास्टिक आणि जुन्या चपला जाळू नयेत, असा ठराव अनसाबाईंनी मांडला होता. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया सलग तिसऱ्या दिवशी काजळीने काळ्या झाल्या होत्या. ग्रामसेवकाने विचारलं, "अनुमोदक कोण?" कुणी बोलेना. निम्म्या बायकांचे नवरे त्याच गुऱ्हाळावर कामाला होते. गुऱ्हाळ सुषमाच्या नवऱ्याचं, हनुमंतचं.

"सुषमे, घरी जायचंय न्हवं तुला?" अनसाबाई म्हणाल्या.

"मावशी, लिहू द्या त्यांना."

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती.

"घरात सांगायचं व्हतं," हनुमंत म्हणाला.

"दोन वर्षं सांगतीय. तुमी म्हनायचा, खिडकी लाव."

"उसाचं चिपाड कागद-कारखानेवाला इकत नेतो. चुलाणात काय, माझी हाडं घालू?"

"चिपाड इकू नका."

तो जेवला नाही. तिने ताट झाकून ठेवलं. उद्या बायकांचा ठराव सगळ्या गावापुढे वाचला जाणार होता. तो मंजूर झाला तर याच घरात राहायचं होतं, आणि नाही झाला तरी.

एक मेला बिरोबाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. चौथा विषय पाचशे रोपं लावण्याचा. त्यावर हनुमंत दहा मिनिटं बोलला, पर्यावरण हा शब्द त्याने सहा वेळा वापरला. पुरुषांचे हात झटक्यात वर गेले. ठराव मंजूर.

पाचवा विषय, चुलाणाचा, वाचायला घेतला आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "चला, च्या घिऊ." पुरुष उठले. हनुमंत शेवटी उठला. सुषमाकडे त्याने पाहिलं नाही.

ग्रामसेवकाने डोकी मोजली. एकसष्ट. लागतात शंभर. सभा तहकूब.

"आता वो?" अनसाबाईंनी विचारलं.

"तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते," वही मिटता मिटता तो म्हणाला. "आठ तारखेला सकाळी दहा वाजता या. जेवढ्या याल तेवढ्यांवर होईल."

हे हनुमंतलाही कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून तो गुऱ्हाळावरच झोपतो. डबा सुषमा पाठवते. रिकामा परत येतो.

आठ तारखेच्या आधी, रविवारी दुपारी गुऱ्हाळावर दोन टेम्पो आले. एकात चुलाणासाठी आणलेलं चिपाड होतं. दुसऱ्यावर ताडपत्री बांधलेली होती; आत काय, ते दिसत नव्हतं.