सुटलेली ओळ

नगरसभेत वहीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं प्रत्येक जाहीर सभेचं इतिवृत्त त्यांच्या हातचं. कोण काय बोललं, कोण कुणावर खेकसलं, कोण बोलता बोलता रडलं, सगळं वहीत. या काळात सहा अध्यक्ष बदलले, दालनाचं छत दोनदा गळलं, पण बाईंकडून एक ओळ कधी सुटली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. नम्रपणा त्यांना कधी जमलाच नाही.

आज सभेपुढे विषय होता, इतिवृत्त यंत्रावर सोपवावं का? आणि यंत्र बनवलं होतं कुणी, तर त्यांच्याच धाकट्या लेकीनं. त्यासाठी पोरीनं चांगली नोकरी सोडली होती. दोन वर्षं जेवणाचं टेबल अडवून बसली होती. घरातले सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवत होते. आज सभेनं होकार दिला तर तिचं पहिलं काम, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. बाई सहा महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. आपली खुर्ची लेकीच्या यंत्राला मिळणार, हे त्यांनी आधीच गावभर करून ठेवलं होतं.

परीक्षा साधी होती. मागच्या सभेचं इतिवृत्त यंत्रानंही लिहिलं होतं आणि बाईंनीही. दोन्ही वाचायची, मग हात वर करून मत द्यायचं.

आधी यंत्राचं. पडद्यावर दीड पान उमटलं. सुटसुटीत, नीटनेटकं, कुठे खाडाखोड नाही. लोक माना डोलवायला लागले. बाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, "बघितलंस?" तेवढ्यात दवाखान्याचा मुद्दा आला. 'चोऱ्या टाळण्यासाठी दवाखान्याचे मागचे फाटक कायमचे बंद करावे, असे सर्वानुमते ठरले.'

बाईंनी कोपर मागे घेतलं. सर्वानुमते? घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा त्या दिवशी विरोधात उभे राहिले होते. त्यांचं बोलणं बाईंच्या वहीत शब्दन् शब्द होतं. आणि सभेचा नियम असा, की एकाचाही विरोध नोंदला गेला तर ते काम थांबवून पुन्हा चर्चेला घ्यायचं. विरोध नोंदलाच नाही, तर उद्या फाटकाला कुलूप.

टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "वहीबाई, आता तुमचं."

बाई उठल्या. वाचत वाचत दवाखान्यापाशी आल्या. समोर पहिल्या रांगेत लेक बसलेली, डोळ्यांखाली दोन वर्षांची जागरणं. शेवटच्या रांगेत घड्याळवाले, टोपी गुडघ्यावर. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि पान उलटलं. घड्याळवाल्यांची ओळ मागच्या पानावर राहिली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळवाल्यांनी तेवढी मान खाली घातली. आपलं कुणी ऐकत नाही, याची त्यांना सवय असावी. एकतीस वर्षांची अब्रू त्यांनी एका पानाखाली दाबली होती, आणि तरी त्या पुढचा मुद्दा वाचत होत्या, हे सांगायला मला लाज वाटते, पण आईच ती.

"आई, एक ओळ राहिली."

लेक उभी राहिली होती.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "इथे आई-बिई कुणी नाही. लेखनिक म्हणायचं."

"लेखनिकबाई, घड्याळवाल्या काकांचा विरोध राहिला. तुम्ही सकाळी अंघोळीला गेलात तेव्हा मी वही वाचली."

"मग यंत्रात का नाही तो?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्यामुळे. जे एकच माणूस बोलतो ते गाळायचं, असं मीच त्याला शिकवलं. पसारा कमी होईल म्हणून. मी आधीच सांगायला हवं होतं. सकाळपासून धीर होत नव्हता."

"अहो, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय, कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली. ती खाली बसली नाही. "आई, वाच ना."

बाईंनी पान मागे उलटलं. घसा खाकरला आणि सबंध दालनाला ऐकू जाईल असं वाचलं, "घड्याळदुरुस्ती करणारे म्हणाले, पुढच्या दाराला अकरा पायऱ्या आहेत. माझ्या बायकोची चाकांची खुर्ची मागच्या फाटकातूनच आत जाते. माझा विरोध लिहून घ्या."

फाटकाचं काम थांबलं. यंत्रावर मत घेतलं तेव्हा बाजूनं चारच हात वर झाले. त्यातला एक घड्याळवाल्यांचा. शेजारच्यानं त्यांना हटकलं, "अहो, तुमचंच बोलणं खाल्लं त्यानं!"

"मागे पडणारं घड्याळ लोक माझ्याकडे आणतात," म्हातारबुवा म्हणाले, "पण ते आपल्याच चुकीनं मागे पडलं हे कबूल करणारा मालक क्वचित येतो. ही पोर दुरुस्त करील."

लेक वायरी गुंडाळत होती. रडत होती, आणि रडताना नाक ओढायची तिची लहानपणची खोड गेली नव्हती. बाईंना वाटलं, जावं, पोटाशी धरावं, आणि ओरडून सांगावं सगळ्यांना, बघा, ही माझी. पण सभा अजून संपलेली नव्हती, आणि लेखनिकानं जागा सोडायची नसते. त्यांनी पेन उचललं.

'इतिवृत्त वाचताना लेखनिकेने एक ओळ जाणूनबुजून गाळली,' त्यांनी लिहिलं. 'ती एका नागरिकाने लक्षात आणून दिली.'

वहीत नातं कधी लिहायचं नाही, हा नियम त्यांचा स्वतःचाच होता. त्यांनी 'एका नागरिकाने' वर सरळ रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'लेखनिकेच्या मुलीने'.