बावीस नंबरची जागा

मे महिन्यात बहिणीचा, रोझेलाचा, फोन आला तेव्हा व्हर्ला ह्रिंचुक मोटरहोमच्या टपावर बसून फटी बुजवत होती.

"हॉवर्ड म्हणतो, यंदा उन्हाळ्यात घराला रंग काढू या," रोझेला म्हणाली. "आणि खरं सांगू का, महिना महिना असं भटकणं आता मला... तू जा ना. तुला काय अवघड आहे? एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस."

"जागांचं बुकिंग केलंयस ना?"

 "करणारच होते गं."

दोघी बहिणींनी वडिलांची शेती विकून ती घरासारखी राहता येईल अशी गाडी मागच्या शरदात घेतली होती. व्हर्लाने लग्न केलं नव्हतं. रोझेलाचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. उन्हाळा ओकानागनच्या तळ्याकाठी काढायचा, हे त्यांचं हिवाळाभर चाललेलं बोलणं. पडदे रोझेलाने स्वतः शिवले, पिवळ्या कापडाचे. जानेवारीत तिला कर्लिंगच्या, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबात हॉवर्ड भेटला आणि एप्रिलमध्ये ती त्याच्याकडे एडमंटनला राहायला गेली.

व्हर्लाने जूनभर तिथल्या कॅम्पग्राउंडना, गाड्या नि तंबू लावायच्या जागांना, फोन केले. नाव विचारायच्या आधी सगळे एकच विचारायचे, "गाडी किती फूट?"

"अडतीस."

"अडतीस! आणि जुलैत? अहो बाई, माझ्याकडे छोट्या तंबूला जागा नाही आणि तुम्ही अख्खं घर घेऊन निघालात!" एकजण तर मोकळेपणाने हसलाच. दुसरीने समजावून सांगितलं, की तळ्याकाठच्या जागांसाठी लोक जानेवारीत भल्या सकाळी कॉम्प्युटर उघडून बसतात आणि दहा मिनिटांत उन्हाळा संपतो.

तरी ती निघाली. सस्कॅचवनमध्ये घरी बसून शेजाऱ्यांच्या "का गं, गेली नाहीस?"ला उत्तरं देण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं.

पर्वत ओलांडून ती दरीत उतरली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चेरीची दुकानं लागली होती आणि प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या दारात "जागा नाही" अशी पाटी होती. पहिली रात्र तिने एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये काढली. दुसरी रोडिओच्या, घोड्यांच्या खेळांच्या, मैदानात, जिथे पाणी नव्हतं आणि घोड्यांच्या माश्या मात्र भरपूर होत्या. तिसऱ्या दिवशी हायवेला लागून एक जागा मिळाली. तिथे गाडी उलटी नेऊन लावायची होती.

गाडी पुढे नेण्यात व्हर्लाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शाळेच्या बसवाल्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात, की होता होईतो मागे जायचंच नाही. अडतीस फूट मागे न्यायचे तर मागे कुणीतरी उभं लागतं. ती थोडी मागे घ्यायची, उतरायची, चालत जाऊन बघायची, परत चढायची. शेजारच्या जागेवर बिअर घेऊन बसलेला एकजण हे सगळं मोजत होता.

"आठ वेळा उतरलात," तो म्हणाला. "नवरा कुठाय?"

"नव्हताच कधी."

"मग मी सांगतो. या... या... या बिनधास्त..."

विजेच्या खांबावर आदळल्याचा आवाज झाला आणि मागचा दिवा फुटला.

"मी थांबा म्हणालो होतो!"

"तुम्ही 'या' म्हणत होतात."

"मनात थांबा म्हणत होतो," तो म्हणाला आणि त्याची बायको इतकी हसली, की व्हर्लालाही हसू आलं. मग ती दोघं आपल्या जेवणाकडे वळली आणि हिने दाराला आतून कडी लावली.

चौथ्या दिवशी दुपारी ती इडालिना फुर्तादोच्या कॅम्पग्राउंडवर पोचली. इडालिना अझोर्सच्या बेटांवरून लहानपणी आलेली, सत्तरीची, ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. निम्मी जर्दाळूची बाग तोडून तिने आणि नवऱ्याने तीस जागा केल्या होत्या. नवरा आता नव्हता. तिने वही उघडून बोट फिरवलं.

"आजची रात्र देते. बावीस नंबर, अगदी पाण्याशी. उद्या अकराला निघायचं बरं का. कॅलगरीचे लोक येतात, बारा वर्षं तेच येतात."

गाडी लावताना इडालिना मागे जाऊन आरशात दिसेल अशी उभी राहिली. काही बोलली नाही. नुसता हात. व्हर्लाने एका दमात गाडी जागेवर बसवली.

संध्याकाळी तिने पिरोगी, बटाटा भरलेल्या छोट्या करंज्या, उकळल्या, कांद्यावर परतल्या आणि ताटात घेतल्यावर लक्षात आलं, की दोघींपुरत्या केल्यात. पाण्याच्या कडेला पोरं ओरडत होती, बाया टॉवेल घेऊन त्यांच्यामागे धावत होत्या. कुणीतरी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली. हाक दुसऱ्याच कुणाला होती. सकाळी निघताना तिने इडालिनाकडे आपला नंबर ठेवला. "कुणी रद्द केलं तर सांगाल?"

"इथं कुणी रद्द करत नाही, बाई. मेले तरी मुलांच्या नावावर जागा ठेवून जातात."

त्यानंतर नऊ दिवस ती एकेका रात्रीच्या जागेवर फिरली. कधी चर्चचं पटांगण, कधी ट्रकवाल्यांचा थांबा. तळं तिला दिसायचं, पण रस्त्यावरून, गाडी चालवताना.

मग पलीकडच्या डोंगराला वीज पडून आग लागली. दोन दिवसांत सगळी दरी धुराने भरली आणि गाड्यांची रांग उलट्या दिशेने निघाली. इडालिनाचा फोन आला.

"बावीस रिकामी आहे. सगळ्याच रिकाम्या आहेत. पण धूर आहे, बघ. मी तर म्हणेन येऊ नको. विचारलं होतंस म्हणून कळवलं."

"येते," व्हर्ला म्हणाली.

तीस जागांमध्ये तिची एकटीची गाडी होती. पलीकडचा किनारा दिसेनासा झाला होता, मग बोटींचा धक्का गेला, मग दहा पावलांवरचं पाणीही करड्या धुरात नुसतं ऐकू येत राहिलं. खिडक्या बंद, टेबलावर राख. या बाजूला अजून निघा म्हणून सांगितलं नव्हतं, फक्त सामान बांधून ठेवा असं होतं. इडालिना रोज दुपारी तोंडाला ओला रुमाल बांधून यायची, कधी सूप, कधी स्वतः भाजलेला गोड पाव घेऊन.

"तुझी मुलं?" व्हर्लाने विचारलं.

"एक टोरोंटोत. म्हणतो, विकून टाक. दुसऱ्याचा फोन नाताळात येतो. तुझं कोण?"

"बहीण."

"मग ती कुठाय?"

"रंग काढतेय," व्हर्ला म्हणाली.

चौथ्या दिवशी दोघी आत बसल्या असताना रोझेलाचा फोन आला.

"मिळाली का गं जागा?"

"मिळाली ना. अगदी पाण्याशी." व्हर्ला खिडकीकडे बघत होती. "काय निळं आहे म्हणून सांगू! शेजारी पोरांचा नुसता दंगा. आत्ताच पोहून आले. पलीकडच्या डोंगरावरच्या द्राक्षांच्या ओळीसुद्धा दिसतात इथून."

इडालिनाने हातातला पाव खाली ठेवला.

"व्हर्ला," रोझेला हळूच म्हणाली, "आम्ही बातम्या बघतो गं. तिथलंच दाखवतायत तीन दिवस. का खोटं बोलतेस? मला वाईट वाटू नये म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मला असाच उन्हाळा हवा होता म्हणून." तिने टेबलावरची राख हाताने पुसली. "तू पडदे शिवलेस ना, तेव्हापासून मी असंच बघत होते सगळं. जरा बोलून घेतलं मोठ्याने, इतकंच."

रोझेला रडायला लागली. "इकडे ये," ती म्हणाली, "इकडे ये तू." पण हॉवर्डच्या गल्लीत गाडी मावणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.  फोन ठेवल्यावर इडालिनाने कप विसळले आणि जाताना व्हर्लाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

सातव्या दिवशी पहाटे वारा फिरला. व्हर्लाने दार उघडलं तर पाणी होतं, सगळंच्या सगळं, पार पलीकडच्या जळून काळ्या झालेल्या उतारापर्यंत. किनाऱ्यावर एक माणूस नाही. ती जुना पोहण्याचा पोशाख चढवून पाण्यात शिरली. पाणी गार होतं, वर राखेची बारीक साय. तिने ती हाताने बाजूला केली आणि बरंच आत पोहत गेली. वळून पाहिलं तेव्हा काठावर तिची गाडी आणि पिवळे पडदे दिसले. हे बघायला रोझेला असती तर ती काय म्हणाली असती, हे तिला शब्दन् शब्द माहीत होतं. ती एकटीच थोडा वेळ पाण्यात तरंगत राहिली आणि परत आली.

दुपारी इडालिना वही घेऊन आली. "कॅलगरीवाले शनिवारी परत येतायत."

"मला वाटलंच."

"सप्टेंबरात ये. सगळे गेले की हवी ती जागा घे. नळ गोठेपर्यंत राहा."

"बघते," व्हर्ला म्हणाली. घरी परसातले बटाटे काढायचे होते, आणि रिकामा किनारा कसा असतो ते तिने आता पाहून घेतलं होतं.

शनिवारी निघून ती दोन दिवसांनी एडमंटनला पोचली. शहराच्या कडेला, शेतीच्या अवजारांच्या दुकानामागे तिला गाडी उभी करू दिली. रोझेला छोट्या गाडीतून आली. दोघी पायरीवर बसून वाटेत घेतलेले पीच खात राहिल्या, रस कोपरापर्यंत. रोझेलाच्या नखांत पांढरा रंग होता. ती केवढंतरी बोलली, घराबद्दल, हॉवर्डच्या गुडघ्याबद्दल.

"विकायची का गाडी?" शेवटी तिने विचारलं. "तू म्हणशील तसं. माझा काही हट्ट नाही."

"नको."

"एकटीने काय करशील गं एवढ्या मोठ्या गाडीचं?"

"उलटी लावायला शिकेन आधी."

रोझेला हसली, तिला घट्ट मिठी मारली आणि साडेपाचला निघाली. हॉवर्डला सहाला जेवायला लागतं. जाताना तिने काचेतून हात बाहेर काढून हलवला, वळणापर्यंत हलवत राहिली. दुकानाच्या माणसाने फाटक ओढून घेतलं. "सकाळी सातला उघडतो," तो म्हणाला. व्हर्लाने बिया गोळा करून पिशवीत टाकल्या, हात धुतले आणि अजून लख्ख ऊन असतानाच पडदे ओढून घेतले.