पालटलेला शिकरा

फसली सन १३१८, दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. पाटोद्यापासून दोन कोसांवर, उत्तरेश्वरराव देशमुखांच्या पागेसमोर, शिकारी पाखरे सांभाळणाऱ्या वाहेद बाजदाराच्या उघड्या पाठीवर सातवा आसूड पडला.

"माझा शिकरा कुणाला विकला बे?" देशमुखांनी विचारले.

"ह्योच हाय, सरकार." खुंटाला बांधलेल्या वाहेदच्या ओठांतून रक्त गळत होते.

चैत्रात देशमुख हैदराबादेस गेले, तेव्हा शिकरा तपकिरी होता. छातीवर थेंबांसारखे ठिपके, डोळे पिवळे. आज लाकडी दांडीच्या अड्ड्यावर बसलेला शिकरा राखी होता. छातीवर आडव्या तांबूस रेघा, डोळे नारिंगी. सहा महिने वाहेदने एकेक पीस गळताना आणि त्या जागी रक्ताने भरलेला कोंब फुटताना पाहिला होता. कोंब मोडू नये म्हणून शिकऱ्याच्या खोलीत त्याने बायकोलाही, अकबरीलाही, झाडू मारू दिला नव्हता.

"पहिल्या साली समदेच रंग पालटतेत. गळालेली पिसं बांबूच्या नळीत ठिवलीत, बघा की."

"मेलेल्या पाखराची पिसंबी नळीत बसतेत."

युक्तिवाद बिनतोड होता. आसुडापेक्षा तोच वाहेदला झोंबला. पंख ताणला तर कच्चे कोंब मोडतील, म्हणून जे तो इतका वेळ बोलला नव्हता, ते आता बोलला.

"डाव्या पंखात एक जुनं पीस ऱ्हायलंय. माघात मोडलं हुतं. तुमच्यासमोरच सुई घालून जोडलं. मला सोडा, मी दावतो. तुमी उघड्या हातानं—"

देशमुखांनी पंख धरलाही होता. शिकऱ्याने मनगटात नख्या रुतवल्या. ते हात झटकू लागले, तशा त्या अधिकच आवळल्या. देशमुखांनी त्याला पागेच्या दगडी खांबावर आपटले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मान लोंबली. नख्या तरीही सुटल्या नाहीत. पाखराची बोटे मोडूनच त्या काढाव्या लागल्या.

"आता तरी पंख उघडा," वाहेद म्हणाला.

म्हातारे कारभारी धोंडीराम उकिडवे बसले. रक्ताने चिकटलेला पंख त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसून पसरला. राखी पिसांच्या रांगेत एकच तपकिरी, झिजलेले पीस होते. त्यांनी ते मधोमध वाकवले. आतून गंजलेल्या सुईचे टोक बाहेर आले.

"पाखरू तेच हाय, मालक," धोंडीराम म्हणाले.