वरच्याची सही

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत एक जुनी पद्धत होती. तपासणीला दोघांनी जायचं. एकाने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढायचं, दुसऱ्याने तळाच्या खड्ड्यात उतरायचं, आणि वरच्याच्या कार्डावर सही खालच्याने करायची, खालच्याच्या कार्डावर वरच्याने. आपल्या कामाची ग्वाही आपणच देऊ नये, असा त्यामागचा थोर विचार. फक्त ज्याने तो केला त्याला मेहुणे नसावेत.

आपल्या गड्याला होते. ऑफिसात सगळे त्याला होयबा म्हणत आणि त्यालाही तो ओ देई. त्याचा जोडीदार म्हणजे सख्ख्या ताईचा नवरा. भाऊजींनीच त्याला हाताला धरून हे काम शिकवलेलं. त्यांच्या निवृत्तीला आता चौदा महिने उरले होते. होयबा खड्ड्यातून तेल माखून वर येई, तेव्हा भाऊजी खालीच हात पुसत उभे असत. वरचं सगळं झकास आहे, म्हणत. होयबा सही ठोकून मोकळा होई.

त्या मंगळवारी भाऊजींना ताप होता, म्हणून मशीनरूममध्ये तोच चढला. कुलपाला असा गंज धरला होता की किल्ली फिरता फिरेना. आत जमिनीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत एकाही पावलाचा ठसा नाही. ब्रेकची पट्टी झिजून कागदासारखी झालेली. चौथ्या मजल्यावर दवाखाना होता, म्हातारीकोतारी माणसं दिवसभर याच लिफ्टने येत-जात होती. त्याने लिफ्ट बंद केली, कार्ड काढून पाहिलं. अकरा महिने, अकरा वेळा ‘तपासले, ठीक’ आणि खाली त्याचीच सही, चांगली वळणदार.

तो तडक ताईकडे गेला. भाऊजी अंथरुणात होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. गुडघे गेले होते, गच्चीचा तो लोखंडी जिना चढवत नव्हता, आणि हे ऑफिसात कळलं असतं तर घरी बसवलं असतं. पट्टी बदल आणि विसरून जा, म्हणाले. कोणाला काही झालंय का?

होयबाने दोघांकडच्या बाकीच्या पंचवीस इमारतींचं विचारलं. भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं.

“त्या कार्डांवर सही कोणाची आहे, तेही बघ,” ते म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांनाच वाईट वाटत होतं.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. “त्यांच्यावर चिडू नकोस. नका चढू म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, तो काही विचारायचा नाही.”

तिने हे कौतुकाने सांगितलं, आणि तेच त्याला झोंबलं. त्याला राग आला, आणि तो काढायला स्वतःखेरीज कोणी सापडेना. गेलं वर्षभर हे घर त्याच्या न विचारण्यावर उभं होतं. बोलावं तर ताईचा संसार, न बोलावं तर पंचवीस ठिकाणची माणसं. इकडे आड, तिकडे विहीर. रोज एक इमारत गुपचूप तपासली तर? महिना लागला असता, आणि महिनाभर माणसं चढत-उतरत राहिली असती. हा हिशोब त्याने दोनदा, तीनदा करून पाहिला. त्यातून पळवाट निघेना.

मग तिथेच, दोघांसमोर, त्याने साहेबांना फोन लावला. आमच्याकडच्या सव्वीसही लिफ्ट आत्ता बंद करा, म्हणाला. साहेबांनी वर कोण जात होतं ते विचारलं.

“वर कोणीच जात नव्हतं, साहेब. आणि जातंय असं लिहून देणारा मी.”

त्याने फोन ठेवला. भाऊजींनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. ताई पुढे आली. तो घरी आला तेव्हाच तिने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला होता. तो तिने उचलला आणि आत नेऊन ओतून टाकला. त्याने अजून घोटही घेतला नव्हता.