वहीची मागची पानं

माझी चित्रवही दोन्हीकडून भरत येते. पुढून उघडली की गिऱ्हाइकांचे नमुने, मागून उघडली की माझ्या स्वतःच्या कल्पना. बाजारात, गाडीत, चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की, जिथे काही सुचेल तिथे मी मागच्या पानांवर काढून ठेवते. ती पानं कुणाला दाखवत नाही. आमच्या कुमासी शहरात नमुने चोरणाऱ्या शिंपिणी पैशाला पासरी मिळतात.

मागचं सगळ्यात ताजं चित्र पोमाचं होतं. पोमा माझी धाकटी बहीण, आई गेल्यावर मीच वाढवलेली. तिच्या साखरपुड्यासाठी झगा काढला होता. खांद्याशी फुगीर, कोपराशी मोकळी होणारी बाही. शेजारी मापं लिहिली नव्हती. तिची मापं मला कशाला लिहायला हवीत? मग तिला ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. शनिवारी अंत्यविधी होता, तोवर ती इस्पितळाच्या शवागारात.

मला रडू आलं नाही. लोक येत, मी पाणी देई. जेवत होते, चव कळत नव्हती. वही उघडून बसले तर पेन्सिल नुसतीच हातात राहिली.

दुफिये मावशी लाल-काळं कापड घेऊन आली. अंत्यविधीला घरच्या सगळ्या बायका एकाच नमुन्याचे झगे घालतात, आणि आमच्यात नमुना मावशी ठरवते. तिच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद नाही. तिने वही उचलली ती नेमकी मागून.

"हे बघ," पानावर बोट आपटत ती म्हणाली. "एवढं चांगलं लपवून ठेवलंस होय गं? हेच शिव सगळ्यांना."

नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बाह्यांना कापड जास्त लागेल."

"लागू दे. पोर काय रोज जाते?"

पहिला झगा मावशीचा शिवला. दुसऱ्या दिवशी ती घालून बघायला लागली, तर हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि अडकला.

"सेरवा, हा माझा दंड आहे का उसाचं कांडं? इतकी वर्षं मशीन बडवतेस आणि मावशीचं माप चुकतं? कुणाच्या मापाने बेतलंस?"

मी झग्याकडे पाहिलं. अरुंद खांदे, बारीक कंबर.

"पोमाच्या," मी म्हणाले. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी, तशी.

मावशी हात तसाच अडकलेला घेऊन स्टुलावर बसली.

"चित्र तिचं होतं?"

"साखरपुड्याचं."

"मग काल तोंडात काय मक्याच्या केंकेचा गोळा होता? बोलायचं ना, मुली." तिने बाहीतून हात सोडवला. "साखरपुड्याचं कापड कुठंय?"

"कपाटावर."

"काढ. शनिवारी तिला तेच घालू. आम्हा म्हाताऱ्यांना काहीतरी गोणपाट शिव."

मी पांढरी लेस टेबलावर पसरली. टेप घेतली नाही. खांदे, बाह्या, कात्री सरळ चालली आणि बाजूच्या शिवणीशी येऊन थांबली. प्रत्येक नवरीच्या झग्यात मी आतून दोन बोटं कापड जादा सोडते. पुढे बाई भरते, मुलं होतात, तेव्हा उसवून सैल करता यावा म्हणून.

"मावशी," मी विचारलं, "शिवणीत कापड किती सोडू?"

मावशीने तोंड फिरवलं.

मी दोन बोटं सोडली आणि कापून घेतलं. मग कात्री खाली ठेवली, लेसवर डाग पडू नयेत म्हणून दारापाशी गेले, आणि तिथे उभी राहून रडले.