चढावरची चौकशी

"म्हैस गाभण ऱ्हायली का गं आक्का?" येसूबाईनं विचारलं आणि नंदाबाईच्या ओट्याचा खांब धरला.

प्रश्न लहान. उत्तर लांब हवं.

पवनानगरच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, पाहुण्यांचे तंबू लागतात. तिथल्या चुलीवर येसूबाई गेली नऊ वर्षं भाकरी थापते. पूर्वी हा चढ ती कुणाकडे मान न वळवता चढायची. वाडी तिला घुमी म्हणायची. दिवाळीपासून मात्र ती दारोदारी थांबू लागली. केरबाकडे गुडघ्याची चौकशी. सरूबाईकडे सुनेची. उत्तर लांबेल असंच विचारायचं, मान डोलवायची, तेवढ्यात छाती थाऱ्यावर आणायची. वय झालं की माणूस मायाळू होतं, असं वाडी म्हणाली. दम लागतो हे तंबूंच्या मालकाला कळलं तर चूल जाईल, हे तिला एकटीला ठाऊक. नवरा गेल्यावर कुणीतरी तिची वाट पाहावी अशी तेवढीच जागा उरली होती.

नंदाबाईची उत्तरं सगळ्यांत लांब. म्हशीपासून निघून थेट माहेरापर्यंत.

आज ती म्हणाली, "न्हाई."

एवढंच.

येसूबाईनं पाय उचलला. ठेवला. खांब सोडवेना. ओठ निळे पडले होते.

"आजून... सांग की."

"म्हैस दिवाळीतच विकली, येसू. तू ऐकत कुटं व्हतीस? तुजा दम खाली बसंस्तवर मी आपली बोलत व्हते. आदी पाच मिन्टं पुरायची. काल अर्धा तास बोलले. आता माज्याकडं सांगायला कायबी उरलं न्हाई."

मग जीप. मग तळेगावचा दवाखाना. डॉक्टरीणबाई बराच वेळ छाती-पाठ तपासत राहिल्या. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठतंय, म्हणाल्या. आजच दाखल करायचं. औषधानं आराम पडेल, पण चढ बंद. धूरही बंद.

येसूबाई वाद घालेल असं नंदाबाईला वाटलं होतं. पण येसूबाईनं कनवटीची, तंबूंच्या कोठीची किल्ली सोडली आणि नंदाबाईच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी चाळीस भाकरी."

थांबली.

"पानी... उकळतं घे."

थांबली.

"कडा..."

पुढचं येईना. नंदाबाईला ठाऊक होतं काय ते. तिनं येसूबाईचा दम खाली बसू दिला. किल्ली मुठीत धरून खाटेपाशी बसून राहिली.

"पातळ," येसूबाई म्हणाली.