मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा स्वतःच्या मनावर भारी विश्वास. इतरांची मनं भरकटतात, आपलं मात्र चोवीस तास जाग्यावर असतं, हे ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला ऐकवत. त्यातून कुठल्याशा मानसशास्त्राच्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं वाचल्यापासून तर त्यांना आवरणं कठीण झालं होतं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. आपल्या परवानगीशिवाय आपला पाय हलत नाही, असं ते मांडी थोपटून सांगत. पायाला हे कुणी कळवलं नव्हतं.

त्यांच्या लेकीला दूरच्या शहरात, घरोघरी जाणाऱ्या नर्सची नोकरी लागली होती. पण लायसन्स असेल तरच. परीक्षेचा नियम साधा होता. मास्तर शेजारी, परीक्षक मागे. मास्तरांच्या ब्रेकवर पाय पडला की समोर लाल दिवा लागणार आणि उमेदवार घरी. लेकीच्या वेळी तो दोनदा लागला. पहिल्यांदा म्हणे मांजर आडवं आलं, दुसऱ्यांदा कुत्रं. दोन्ही प्राणी एकट्या मास्तरांनाच दिसले, ही त्यांच्या जागरूकतेची कमालच म्हणायची.

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी जय्यत तयारी केली. पंधरा दिवस रोज डोळे मिटून पायावर लक्ष एकवटलं. गाडीतही ते मनाशी घोकत राहिले, पाय स्वस्थ आहे, मी पाहतो आहे. लेकीने वळणं घेतली, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, नाव ठेवायला कुठे जागा नाही. परीक्षकही खुशीत आला. नोकरी कुठे, निघणार कधी, विचारू लागला.

"येत्या सोमवारी," ती म्हणाली.

गाडी गचकन थांबली. लाल दिवा लागला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता.

मास्तरांनी घाईघाईने खिडकीबाहेर एखादा प्राणी शोधून पाहिला. परीक्षक कागदावर खूण करून निमूट उतरून गेला. लेकीने गाडी बंद केली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. शुक्रवारी अजून एक परीक्षा आहे, तेव्हा मी दुसऱ्या मास्तरांना शेजारी बसवणार, असं तिने सांगून टाकलं.

"ब्रेक काय, तेही दाबतील," मास्तर म्हणाले.

"नाही दाबणार, बाबा. मी गेले तर त्यांचं काही अडत नाही."

माझंही काही अडत नाही, असं मास्तर म्हणणार होते. पण त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.